माकडे मरायची वाट न पाहता गुरांचे रक्त तपासा

मा. संपादक,
स. न.

पावसाळा सरला की सिंधुदुर्गात माकडतापाच्या बातम्यांचे दिवस जवळ येतात. विषाणू असलेली गोचीड चावल्याने माकडांना आणि माणसांना हा ताप येतो. डिसेंबर ते मे हा या रोगाचा हंगाम. नेमकी याच काळात आमची माणसे भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी, पातेरा (पाचोळा) गोळा करायला, काजू वेचायला रानात असतात. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केर परिसरात ही साथ आली. इतकी वर्षे झाली, तरी धोक्याचे गाव ओळखण्याची आपली मुख्य खूण आजही मेलेले माकड हीच आहे. माकडे मात्र दाट रानातही मरतात, तिथे कुणाच्या नजरेस पडत नाहीत. मेलेले माकड सापडेपर्यंत त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून पाचोळ्यात पसरलेल्या असतात.

यापेक्षा आधी सावध करणारा पुरावा आमच्या गोठ्यात उभा आहे. गुरांना माकडताप होत नाही. पण विषाणू असलेली गोचीड चावली की त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे त्या विषाणूशी लढणारी प्रथिने, तयार होतात. ती तपासली तर माणूस आजारी पडण्याआधीच कोणत्या वाडीच्या रानात विषाणू फिरतो आहे ते कळेल. ही कल्पना हवेतली नाही. २०११ मध्ये गुजरातेत साणंदजवळच्या कोलाट गावात कांगो ताप हा गोचिडीतूनच पसरणारा दुसरा विषाणूजन्य रोग आढळला. त्यानंतर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २२ राज्ये आणि एका केंद्रशासित प्रदेशातील गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांचे ५,६३६ नमुने तपासले. त्यातल्या ३५४ नमुन्यांत प्रतिपिंडे सापडली आणि हा विषाणू गुजरातपुरता नाही हे देशाला समजले. अमेरिकेत लाइम या गोचिडीतूनच होणाऱ्या रोगाचा धोका कुठे वाढतो आहे हे पाळीव कुत्र्यांच्या नेहमीच्या तपासण्यांवरून जिल्हावार नकाशात दाखवतात.

पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली असल्याने सांगतो, आपल्याकडे निम्मे काम आधीच होत असते. लाळ-खुरकुताच्या लसीकरणाआधी आणि नंतर काही जनावरांचे रक्तनमुने घेतले जातात. प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो, त्यामुळे नमुना कोणत्या गावचा हे वेगळे शोधावे लागत नाही. त्याच रक्तजलाचा (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचा) थोडा भाग माकडतापाच्या तपासणीसाठी वापरता येईल. गुरांसाठी खात्रीची चाचणी बसवावी लागेल, पण कांगो तापासाठी तशी चाचणी याच पुण्यात तयार झालेली आहे.

नमुने कोणाचे घ्यायचे यात मात्र हयगय नको. घाटावरच्या बाजारातून आणलेली गाय तिथली प्रतिपिंडे घेऊन येते. म्हाताऱ्या जनावराच्या रक्तावरून गोचीड यंदा चावली की पाच वर्षांपूर्वी, हे कळत नाही. अगदी लहान वासरात चिकातून आलेली आईची प्रतिपिंडे असतात. म्हणून गावातच जन्मलेल्या, एक हंगाम रानात चरलेल्या, वर्षभराच्या पाड्या आणि पाडे निवडावेत. त्यांच्या रक्तात सापडेल ते इथलेच आणि अलीकडचे असेल. शेळ्या आणि शिकारीला जाणारी कुत्रीही सोबत घ्यावीत, ती गुरांपेक्षा रानात खोल शिरतात.

दूधवाल्या शेतकऱ्याची भीतीही समजून घ्यायला हवी. 'तुमच्या गाईत सापडले' एवढे कानावर आले तरी तो पुढच्या वेळी गोठ्यात पाय ठेवू देणार नाही. प्रतिपिंडे सापडली म्हणजे जनावर आजारी नव्हे, हे नमुना घेतानाच मालवणीत नीट सांगावे. नकाशावर वाडीचे नाव असावे, मालकाचे असू नये.

आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन या तिन्ही खात्यांची बैठक जिल्हाधिकाऱ्यांनी गणपतीनंतर लगेच बोलवावी. ऑक्टोबरात नमुने घेतले आणि नोव्हेंबरअखेर निकाल ग्रामपंचायतींच्या हाती पडले, तर कुठल्या वाडीत गोचीडनाशक आधी द्यायचे आणि कुठे आशाताईंनी घरोघर ताप विचारायचा, हे हंगामाआधी ठरवता येईल.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
सावंतवाडी