ब्रेकच्या त्या बारक्या स्क्रूबद्दल, काका

काका, सप्रेम नमस्कार.

मुलांना घेऊन डोंगरातल्या सायकलसहलीला आम्ही अजून निघालेलोच नाही. बॅगा अर्धवट भरल्यात, मोठ्याच्या सायकलच्या चेनला तेल द्यायचं राहिलंय. तरी हे पत्र आत्ताच लिहितेय, आणि ते मुद्दाम. एकदा जाऊन आलो की हवा चांगली मिळाली, मुलांनी कुरकुर केली नाही, अशी दहा कारणं पुढे येतील आणि तुमचं श्रेय त्यात वाटलं जाईल. सहल कशीही होवो, तुमचे आभार त्याआधीच मानायचे आहेत.

तुमच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोचण्याआधी आम्ही बरेच उंबरे झिजवले. एका सहलवाल्यांनी ‘खास कुटुंबासाठी’ आखलेली योजना पाठवली. मुलांची वयं त्यांनी विचारली होती, पण आराखड्यात त्या वयांचा कुठे मागमूस नव्हता. ‘रोजचा सरासरी चढ एक टक्का’ (म्हणजे शंभर मीटर जाताना एक मीटर वर) हे मात्र ठळक अक्षरांत. फोन केला तर म्हणाले, “मॅडम, लहान मुलंसुद्धा आरामात करतात.” कोणती मुलं, कोणत्या सायकलवर, हे विचारलं की पलीकडे शांतता. सायकलच्या दुकानात सल्ला मिळाला, मुलं भराभर वाढतात, एक साइज मोठीच घ्या. आणि ज्यांनी आयुष्यात सायकलवरून डोंगर चढलेला नाही, त्यांच्याकडून तर सल्ल्यांचा पाऊस. “पोरांना घेऊन डोंगरात? काय खूळ आहे!” असं म्हणून मोकळे.

तुम्ही मात्र किती दिवस जाताय, किती किलोमीटर करणार, यातलं काहीच आधी विचारलं नाही. “धाकटीचं वजन किती?” हा तुमचा पहिला प्रश्न. बावीस किलो. “आणि सायकलचं?” दहा. मग माझ्याकडे बघून म्हणालात, “तुमचं साठ धरू. त्या हिशेबानं तुम्हाला सत्तावीस किलोची सायकल दिली तर चढवाल का घाट?” मला हसू आलं आणि पोटात गोळाही आला. त्या सहलवाल्यांचा कागद उलटा करून पाठीमागे तुम्ही एक रेघ काढलीत: पंचवीस किलोमीटर सपाट, मग दोन किलोमीटर बारा टक्क्यांचा चढ. सरासरी काढली तर एक टक्कासुद्धा भरत नाही. “पोर रडणार ते या दोन किलोमीटरमध्ये,” म्हणालात, “आणि कागदावर ते दिसतच नाहीत.”

पण मला लिहायचंय ते त्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दल.

मुलगी सायकल धरून उभी होती. डोंगरात जायचं म्हटलं की ती गप्प व्हायची, आणि आम्ही समजत होतो तिला चढाचा कंटाळा येतोय. तुम्ही गुडघ्यावर बसलात, तिच्या उंचीला आलात. “ब्रेक दाब बघू,” म्हणालात. तिनं दाबला, म्हणजे धडपड केली. तिच्या बोटांची फक्त टोकं लिव्हरपर्यंत पोचत होती. जोर लावायला गेली की अंगठा मुठीवरून सुटायचा, हँडल वाकडं व्हायचं. सायकल विकणाऱ्यानं हे पाहिलं नव्हतं, दोनदा सर्व्हिसिंग करणाऱ्यानंही नाही. मोठ्यांच्या पंजाला सगळं ठीकच लागत होतं ना!

लिव्हरच्या मुळाशी एक बारकासा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर मुठीच्या जवळ येते. तुम्ही खिशातून ऍलन की (ती षटकोनी टोकाची किल्ली) काढलीत, तिला स्क्रू दाखवलात आणि की तिच्या हातात दिलीत. “हात तुझा, ब्रेक तुझा. तूच फिरव. पुरे वाटलं की थांब.”

ती जीभ दातांत धरून फिरवत राहिली. थोडं फिरवायचं, दाबून बघायचं, पुन्हा थोडं. एकदा उलटं फिरवलं, लिव्हर आणखी लांब गेली. तुम्ही काही बोलला नाहीत. तुमच्या मागे एक माणूस पंक्चरचं चाक घेऊन ताटकळत उभा होता, त्यालाही तुम्ही नुसता हात दाखवलात. मी दोनदा पुढे झाले, दोनदा तुमच्या नजरेनं मला मागे सारलं. शेवटी तिची दोन बोटं पहिल्या पेरापर्यंत लिव्हरवर नीट बसली आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. तिनं वर पाहिलं ते माझ्याकडे नाही, तुमच्याकडे. मग केबल तुम्ही स्वतः ताणून दिलीत, कारण लिव्हर जवळ आणली की ती मुठीला टेकण्याआधी ब्रेक लागतो की नाही हे बघावं लागतं. “हे मात्र माझं काम,” असं तिला रीतसर सांगून.

त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा विचारलं, “आई, आपण कधी जायचं?” चढाचा कंटाळा वगैरे काही नव्हताच. उतारावर आपल्याला थांबता येणार नाही, हे तिला कधीचं ठाऊक होतं आणि ते कुणाला सांगावं हे कळत नव्हतं.

बाकी तुम्ही जे दिलंत त्याचीही यादी मोठी आहे, सगळी लिहीत नाही. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर केलेले सायकलमार्ग शोधा, हा सल्ला लाखमोलाचा. वाफेच्या इंजिनांना खडा चढ झेपत नसे, म्हणून ते रूळ डोंगरातही बेतानं चढवलेले असत. आता त्याचा फायदा पोरांच्या पायांना. न्यूझीलंडमधला ओटागो सेंट्रल रेल ट्रेल असाच, दीडशे किलोमीटरचा, २००० साली पूर्ण खुला झालेला. आल्प्स ओलांडणाऱ्या आल्पे-आद्रिया मार्गाचा इटलीतला मोठा टप्पाही जुन्या रेल्वेमार्गावरून जातो, हे तुमच्याकडूनच कळलं. आम्ही निवडलेला मार्ग इतका नामांकित नाही, पण जातीनं तसाच आहे.

दुपारी डोंगरात ढग दाटतात, म्हणून पहाटे निघा आणि जेवणापर्यंत मुक्कामाला पोचा. पेडल मारणाऱ्याला घाम येतो, मागच्या सीटवर बसलेलं मूल मात्र गारठतं, त्याला एक थर जास्त घाला (हे शेजारणीच्या तान्ह्यासाठी विचारलं होतं, तिनंही धन्यवाद सांगितलेत). उतारावर एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मुलं मध्ये, आणि अधूनमधून नुसतं हात मोकळे करायला थांबायचं. आमच्या मोठ्याला सगळ्यांच्या पुढे सुसाट जायची हौस. त्याच्या हातात नकाशा देऊन “प्रत्येक फाट्यावर थांबून सगळे आलेत का ते मोजणं तुझ्याकडे” असं सांगून तुम्ही त्याचा वेग कसा कमी केलात, ते त्याला अजून उमगलेलं नाही. कृपया त्याला कळू देऊ नका.

आणि चढावर उतरून सायकल ढकलली तरी ती सायकलसहलच असते, हे तुम्ही मुलांसमोर आमच्या यजमानांना ऐकवलंत. त्याची फार गरज होती. मुलांना नव्हे, यजमानांना.

जाणकार पुष्कळ भेटतात. आपलं ज्ञान समोरच्याच्या अंगावर न फेकणारे कमी. त्याहून कमी ते, ज्यांना खोलीतल्या सगळ्यांत लहान माणसाशी आधी बोलावंसं वाटतं. तुम्हाला आम्हाला काही विकायचं नव्हतं, आमच्या सहलीतून मिळवायचं नव्हतं. तरी एका सात वर्षांच्या मुलीला हवा तेवढा वेळ दिलात, गिऱ्हाईक ताटकळत ठेवून. ज्यांना आम्ही रीतसर पैसे मोजणार होतो त्यांच्याकडे तो वेळ नव्हता, याचा राग अजून जात नाही. तुमची आठवण झाली की तो जरा कमी होतो, एवढं खरं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. वर मागितलंत काय, तर तिसऱ्या दिवशीच्या बोगद्यात खडी पसरलेली आहे का आणि दिवे लागतात का ते कळवा, म्हणजे पुढच्या कुणाला सांगता येईल. नक्की कळवते, फोटोंसकट. धाकटीला तुमची ऍलन की परत करायची नाहीये. मी तशीच नवी आणून ठेवली आहे. गुरुवारी यजमान येऊन देऊन जातील, तेवढी नाही म्हणू नका.

तुमची,
दोन सायकलस्वारांची आई