सावलीचा हिशेब

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. त्यातली शेवटची, घाईत लिहिलेली ओळ दोन दिवस डोक्यात घोळतेय. ‘वर ना ढग, ना पाऊस, ना रात्र; मग तुमच्या उपग्रहांना बॅटऱ्या लागतातच कशाला?’ अरे, ढग नाहीत, पाऊस नाही, कबूल. पण रात्र आहे, आणि ती दिवसातून पंधरा वेळा येते! उपग्रहांची सौर पॅनेल तपासायच्या कामाला लागल्यापासून मी उन्हापेक्षा त्या रात्रींचाच विचार जास्त केलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह साधारण 95 मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतो. त्यातली पस्तीसेक मिनिटं तो पृथ्वीच्या सावलीत असतो. आम्ही त्याला ग्रहणच म्हणतो. उरलेल्या तासाभरात पॅनेलने दोन कामं उरकायची: चालू उपकरणांना वीज द्यायची आणि पुढच्या अंधारासाठी बॅटरी भरून ठेवायची. त्यामुळे उपग्रहाला 1 किलोवॉट लागत असेल, तर पॅनेल त्याच्या दीडपटीहून मोठं घ्यावं लागतं. आता मोज. वर्षाला साडेपाच हजार ग्रहणं, पाच वर्षांत सत्तावीस हजारांवर. दर वेळी बॅटरी तळापर्यंत रिकामी केली, तर ती लवकरच मान टाकेल. म्हणून एका ग्रहणात तिच्यातली जेमतेम पाव वीज वापरायची, बाकीची तशीच राहू द्यायची. प्रक्षेपणात ग्रॅमाग्रॅमचा हिशेब असताना एवढी मोठी बॅटरी वर न्यायची हे मला सुरुवातीला उधळपट्टी वाटायचं. आता नाही वाटत.

छत्तीस हजार किलोमीटरवरच्या भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी थांबल्यासारख्या दिसणाऱ्या उपग्रहांचं गणित वेगळं. त्यांना वर्षाचे बहुतेक महिने सलग ऊन मिळतं. फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या मागेपुढे मिळून दीड-दीड महिना रोज एकदा सावली पडते, तीही जास्तीत जास्त 72 मिनिटं. ग्रहणं इतकी थोडी, त्यामुळे तिथे बॅटरी बरीच खोलवर वापरता येते.

तू म्हणशील, सावली काय, आली आणि गेली. पण ती पॅनेललाही पिळून काढते रे. उन्हात ऐंशी-शंभर अंशांपर्यंत तापलेलं पॅनेल त्या अर्ध्या तासात शून्याखाली जवळपास तितकंच उतरतं. पुन्हा ऊन, पुन्हा ताप. उन्हाची वीज करणारा सेल कागदासारखा पातळ, त्यावर प्रारणापासून जपणारी काच, खाली गोंद आणि त्याखाली पॅनेलचा पाया. प्रत्येक थर आपापल्या मापाने फुगतो आणि आकसतो. दोन सेल जोडणारी चांदीची पट्टी म्हणून कधीच ताणून बसवत नाहीत, मध्ये मुद्दाम छोटासा वळसा ठेवतात. भिंगाखाली तो वळसा पाहिलास तर नखाएवढाही नसतो, पण सत्तावीस हजार वेळा तोच वाकणार आणि सरळ होणार असतो. आणि एक गंमत ऐक. ग्रहणातून नुकतंच बाहेर आलेलं, गारठलेलं पॅनेल सगळ्यात जास्त व्होल्टेज देतं, कारण सेल जितका थंड तितका व्होल्टेज चढा. पुढची सगळी उपकरणं त्या पहिल्या मिनिटांसाठी तयार ठेवावी लागतात.

मागच्या महिन्यात एक पॅनेल तपासत होतो. डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं, भिंगातूनही. मग खोलीत पूर्ण अंधार केला आणि पॅनेलला उलट वीज दिली. म्हणजे ज्याने वीज द्यायची, त्यालाच वीज पाजायची. तसं केलं की सेल मंद प्रकाशतात. डोळ्यांना फारसं दिसत नाही, पण खास कॅमेऱ्याला दिसतं. पडद्यावर एकेक सेल उजळत गेला आणि तिसऱ्या रांगेतल्या एकाच्या कोपऱ्यातून केसासारखी काळी रेघ तिरपी गेलेली दिसली. तडा! बाकी सगळं पॅनेल शांतपणे उजळलेलं आणि मधे ती रेघ. माझ्या पोटात गोळा आला. तो सेल काढायचा म्हणजे शेजाऱ्यांना धक्का न लावता गोंदातून सोडवायचा, जागा साफ करायची आणि नवा बसवायचा. त्यात चार दिवस गेले. तसाच वर गेला असता तर कदाचित काही झालंही नसतं. पण सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यातला एक अडला की पूर्ण ओळीची वीज अडते. शेजारी डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावून वाट काढून देतात, तरी जाणूनबुजून तडा वर पाठवायला मन धजत नाही.

ऊन असेल तेव्हाही पॅनेल सोपं नसतं. त्याला बंद करायचं बटण नसतं! प्रकाश पडला की वीज निघणारच. ऑक्टोबर 2007 च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचं एक सौरपंख, म्हणजे घडीचं लांबलचक पॅनेल, उलगडताना फाटलं. 3 नोव्हेंबरला अंतराळवीर स्कॉट पॅराझिन्स्की लांबलचक दांड्याच्या टोकाला उभे राहून त्याच्यापर्यंत पोहोचले. समोर वीज खेळवणारं पंख, व्होल्टेज शंभरावर. अंगावरच्या पोशाखाचे धातूचे भाग आणि हत्यारं वीजरोधक टेपने गुंडाळलेली. स्थानकावरच मिळालेल्या तारा आणि पत्र्यातून बनवलेल्या टाक्यांसारख्या पाच जोडण्या त्यांनी फाटलेल्या भागात बसवल्या आणि पंख पूर्ण उलगडलं. ती चित्रफीत मी कितीदा पाहिलीय, मोजलं नाही.

आता मंगळयानाबद्दल लिहायचंच आहे. सप्टेंबर 2014 मध्ये ते मंगळाच्या कक्षेत गेलं तेव्हा सहा महिन्यांची अपेक्षा होती, टिकलं जवळपास आठ वर्षं. त्याची बॅटरी सुमारे 1 तास 40 मिनिटांच्या ग्रहणापुरती केलेली होती. जानेवारी 2017 मध्ये पुढे लांबलचक ग्रहणं येणार हे दिसल्यावर इंधन खर्चून त्याची कक्षा बदलली आणि ते संकट टाळलं. एप्रिल 2022 मध्ये पुन्हा लांब ग्रहण आलं आणि संपर्क तुटला तो कायमचा. इंधनही संपलं असावं असा निष्कर्ष निघाला, म्हणजे पॅनेल सूर्याकडे वळवून धरणंही उरलं नाही. यंत्र होतं, हे मला कळतं. तरी ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. सूर्य होता तिथेच होता, मध्ये मंगळ आला एवढंच.

एक काम कर. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर तासाभरात स्थानक तुझ्या आकाशातून जाणार आहे का ते बघ आणि गच्चीवर जा. न लुकलुकणारा ठळक ठिपका चढत येईल, आणि कधी कधी क्षितिजापर्यंत न पोहोचता आकाशाच्या मधोमधच तांबूस होत विझेल. ढग आला असं समजू नकोस. तेव्हाच ते सावलीत शिरलं आणि आतले दिवे, पंखे, माणसांची हवा, सगळं बॅटरीवर गेलं. घड्याळात वेळ बघून ठेव. साधारण 35 मिनिटांनी, पृथ्वीच्या पलीकडे कुठेतरी, त्या गारठलेल्या पंखांवर पुन्हा ऊन पडेल. दिसलं तर लगेच कळव.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र