मैदानावरच्या मुलांना ‘बॉडी’चं वेड

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कराडजवळच्या एका शाळेत मी खेळ शिकवतो. माझ्याकडचा दहावीतला एक मुलगा तीन हजार मीटर सुरेख धावायचा. यंदा तो सरावाला येईना. विचारलं तर म्हणाला, ‘सर, पळून मसल जळतात.’ भर उन्हाळ्यात अंगात दोन-दोन टी-शर्ट, का तर दंड भरलेले दिसावेत. लांब पल्ल्याच्या धावपटूचं अंग सडपातळच असणार, पण ‘काडी पैलवान’, ‘पोरीसारखा दिसतोस’ हे तो वर्गात आणि घरातही ऐकत होता. काही प्रशिक्षकही असं सर्रास बोलतात, याचा मला मनापासून राग येतो.

अंग कितीही कमावलं तरी आपण किडकिडीतच आहोत असं वाटत राहणं, हा मानसिक आजार आहे. त्याला ‘मसल डिसमॉर्फिया’ म्हणतात. अशा मुलाला दम देऊन किंवा चार जोर जास्त मारायला लावून काही होत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं लागतं. आपण नेतो का? उलट आरशासमोर उभ्या मुलाचं कौतुक करतो.

पुढची पायरी सुईची. वाढीच्या वयात स्नायू फुगवणारी स्टिरॉइड घेतली तर हाडांची वाढ वेळेआधी थांबते, उंची खुंटते. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, छातीवर स्तनांसारखी गाठ धरते. ज्या मर्दपणासाठी हा सारा खटाटोप, त्याच्याच मुळावर हे औषध येतं. मेफेन्टरमाइन हे तर भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणायचं इंजेक्शन. व्यायामाला जोर यावा म्हणून पोरं तेही टोचून घेतात. हृदयाचं काय होईल, हे कुणी त्यांना सांगत नाही.

ताकदीचा आणि फुगलेल्या दंडांचा संबंध आपल्याच भागाने खोटा ठरवला आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकलं ते बँटमवेट गटात, म्हणजे 57 किलोत. सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर याने 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात रौप्य मिळवलं, तेव्हा क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे वजन आधी खांद्यांपर्यंत आणि मग डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, 135 किलो उचलले होते.

शालेय स्पर्धा सुरू होण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयाने प्रशिक्षक आणि पालकांना एकत्र बसवून ही लक्षणं समजावून द्यावीत. चिठ्ठीशिवाय अशी इंजेक्शनं विकणारी मेडिकल दुकानं आणि पुरवणाऱ्या जिम अन्न व औषध प्रशासनाने तपासाव्यात. खाशाबांची जयंती, 15 जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरी होते. हारतुरे, भाषणं होतातच. त्या दिवशी प्रत्येक शाळेने एक तास डॉक्टरांना द्यावा आणि मुलांना मोकळेपणी प्रश्न विचारू द्यावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक क्रीडाशिक्षक, ता. कराड, जि. सातारा