टाचणी लावलेला तिसरा कागद

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

दांडिया बाजारात आपल्या दोन घरांमध्ये जेमतेम एक गल्ली. हे सगळं तुमच्या ओट्यावर येऊन सांगता आलं असतं. तरी उघड लिहिते आहे, कारण आम्ही दोन वर्षांपूर्वी जिथे अडकलो होतो, तिथे आज बारावीतल्या मुलांची कितीतरी घरं अडकलेली मी बघते.

तेव्हा आमच्या घरात एकाच गोष्टीची चर्चा होती: कॉलेजचं नाव. माझे सासरे पक्के बडोदेकर. सयाजीराव महाराजांनी 1913 साली बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, हे नातीला त्यांनी लहानपणापासून ऐकवलेलं. मग नात अमेरिकेला जाणार तर नावही तसंच हवं. एका सल्लागाराने क्रमवारीचा तक्ता दिला होता आणि आम्ही वरून खाली बोट फिरवत बसलो होतो. लेक गप्प. 60 जणांच्या वर्गात तिने कधी हात वर केला नाही. घरी जेवायला बसली की मात्र भुंग्यांवरून मराठ्यांच्या इतिहासावर आणि तिथून परत भुंग्यांवर, ताटातला भात गार होईपर्यंत.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आलात. झोपाळ्यावर बसून चार कॉलेजांचे छापील कागद मागून घेतलेत. प्रत्येकाचं वरचं टोक दुमडून, नाव झाकून, टाचणी लावलीत आणि तिला म्हणालात, “आता नुसतं वाच. बुधवारी दुपारी दोन वाजता यातल्या कुठे तू असशील, ते मला सांग.”

तासभर ती वाचत होती. माझा दोनदा चहा झाला. मग तिने तिसरा कागद पुढे केला.

टाचणी काढली तर ग्रिनेल. आयोवा राज्यात, चहूकडे मक्याची शेतं, गावाची वस्ती नऊ-दहा हजार. 1846 सालचं कॉलेज, पण आमच्यापैकी कुणी नावही ऐकलं नव्हतं. तिला काय आवडलं, ते तुम्हीच तिच्याकडून वदवून घेतलंत. तिथे सक्तीचा असा एकच वर्ग, पहिल्या सत्रातला, डझनभर मुलांचा, जिथे बोलावंच लागतं. तो घेणारे प्राध्यापकच मुख्य विषय ठरेपर्यंत तिचे मार्गदर्शक. बाकीचे विषय त्यांच्याशी बोलून आपले आपण निवडायचे. मुख्य विषय ठरवायला दुसरं वर्ष संपेपर्यंत मुभा. विद्यार्थी सगळे मिळून साधारण 1,700, सगळे पदवीचेच, त्यामुळे शिकवायला खुद्द प्राध्यापक.

मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते पुढच्या अर्ध्या तासाचे. तुम्ही त्या कॉलेजची भलामण केली नाहीत. थंडी उणे वीसपर्यंत जाते, मोठं शहर तासाभराच्या अंतरावर, चार वर्षं तेच चेहरे, हे सगळं तिला स्वच्छ सांगितलंत. माझा भाचा गर्दीत खुलणारा. त्याने हजारो मुलांचं विद्यापीठ निवडलं, तेही तुम्ही योग्यच म्हणालात. मग आम्हा दोघांकडे वळून विचारलंत, वर्षाला किती झेपेल? खरा आकडा मुलीसमोर सांगायला लावलात. छापलेली फी आणि कॉलेजकडून मिळणारी आर्थिक मदत वजा जाता उरणारी रक्कम यांत केवढा फरक असतो, आणि परदेशी मुलांनी मदत मागितली तर बऱ्याच ठिकाणी प्रवेश अवघड होतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पैशाचं बोलणं आधी झालं म्हणून पुढे रडारड झाली नाही.

सासऱ्यांनी विचारलं, “असल्या खेड्यातून कोण मोठं झालंय?” तुम्ही शांतपणे म्हणालात, “इंटेलच्या संस्थापकांपैकी रॉबर्ट नॉईस, 1949 सालचे पदवीधर.” तरी त्यांचं मन वळलं ते एप्रिलमध्ये. दोन ठिकाणांहून होकार आले, एक ग्रिनेलचा आणि दुसरं तक्त्यात खूप वरचं. 1 मेपर्यंत कळवायचं होतं. त्या रात्री ते स्वतःच नातीला म्हणाले, “तू बुधवारी कुठे असणार, ते सांग.”

परवा सकाळी आठला तिचा फोन आला. तिकडे रात्रीचे साडेनऊ. यंदा मुख्य विषय ठरवायचा आहे. जीवशास्त्र घ्यायचं म्हणते, पण इतिहास सोडवत नाही. बोलता बोलता म्हणाली, “आई, आज वर्गात मी सरांना मधेच थांबवलं. मला त्यांचं पटत नव्हतं.” बाई, माझ्या हातातली कणीक तशीच राहिली.

यंदाही गणपतीला ती नसेल. तुम्ही आरतीला नक्की या. तो तिसरा कागद मी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला आहे. टाचणीची भोकं अजून दिसतात.

तुमची,
समोरच्या गल्लीतली