कानशिलावरचा अर्धा तास: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या मेंदूचे फोटो वाचायचे, हे माझं काम. मागे एकदा नऊ वर्षांच्या एका मुलीचा एमआरआय समोर आला. चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं: सिकलसेल एसएस, डोकं दुखतं. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार; एसएस म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेला त्याचा गंभीर प्रकार. फ्लेअरच्या, म्हणजे इजा झालेला भाग पांढरा दाखवणाऱ्या एमआरआयच्या चित्रांत कपाळामागच्या भागात, दोन्ही बाजूंना, सात पांढरे ठिपके होते. सगळ्यात मोठा सहा मिलिमीटरचा. मुलीला कधी लकवा झाला नव्हता, कधी वाचा गेली नव्हती. बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या आईला मी विचारलं, अभ्यासात कशी आहे? "आधी बरी होती. आता बाई म्हणतात, वर्गात लक्षच नसतं. मीपण रागावते मग."

ते सात ठिपके म्हणजे मेंदूचा मेलेला भाग. आम्ही त्याला सायलेंट इन्फार्क्ट म्हणतो. हे नाव ठेवणाऱ्याने या मुलांची प्रगतिपुस्तकं पाहिली नसावीत. हात-पाय चालत राहतात म्हणून घरच्यांना काही कळत नाही. कमी होते ती एकाग्रता, आकलनाचा वेग, पाठ केलेलं लक्षात ठेवण्याची ताकद. एसएस प्रकारच्या सिकलसेलमध्ये अठराव्या वर्षापर्यंत दहांतल्या जवळपास चार मुलांच्या मेंदूत असे ठिपके सापडतात. या मुलांना वर्गात 'आळशी' म्हणतात.

हा आजार म्हटला की सगळ्यांना आठवतात त्या हाडांच्या कळा आणि फिकटपणा. मेंदूचं नाव शेवटी निघतं. विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक नळ्यांत अडकतात, हे खरं, पण गोष्ट तिथे संपत नाही. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्यांना कवटीच्या तळाशी जिथे फाटे फुटतात, तिथेच त्यांचं अस्तर जाड होतं आणि वाट अरुंद होत जाते. अंगात रक्त कमी, त्यामुळे मेंदूला प्राणवायू पुरवण्यासाठी प्रवाह आधीच जोरात असतो. गरज आणखी वाढली की दोन धमन्यांच्या हद्दीवरचा भाग आधी मरतो. पाणी कमी पडलं की टोकाचं शेत आधी वाळतं, तसा. वाट जवळजवळ बंदच झाली तर शरीर केसांसारख्या बारीक पर्यायी वाहिन्या काढतं. अँजिओग्राफीत त्या धुराच्या लोटासारख्या दिसतात, म्हणून जपानी डॉक्टरांनी त्याला 'मोयामोया' म्हटलं. दिसायला सुंदर असतं ते चित्र. मला मात्र ते पाहिलं की पोटात गोळा येतो.

आता मुद्द्यावर येतो. एमआरआय मला सांगतो की काय गेलं. काय जाणार आहे, हे एक साधी सोनोग्राफी सांगते: ट्रान्सक्रेनियल डॉप्लर. कानशिलावर, हाड पातळ असतं तिथे, प्रोब टेकवायचा आणि आतल्या धमनीतला रक्ताचा वेग मोजायचा. सुई नाही, किरण नाहीत, भूल नाही. अर्धा तास. वेग सेकंदाला १७० सेंटिमीटरच्या आत असेल तर वर्षाने या. १७० ते १९९ असेल तर लवकर पुन्हा बघू. २०० किंवा वर असेल तर पक्षाघात दारात उभा आहे, असं समजायचं.

हे माझं मत नाही. अमेरिकेतल्या 'स्टॉप' अभ्यासात वेग २०० च्या वर असलेली १३० मुलं घेतली. निम्म्यांना नियमित रक्त चढवलं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ११ जणांना पक्षाघात झाला, रक्त चढवलेल्यांपैकी एकाला. फरक इतका ठळक, की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. निष्कर्ष १९९८ साली छापून आले. पुढे २०१६ मध्ये आणखी एका अभ्यासाने दाखवलं की वर्षभर रक्त चढवल्यानंतर, ज्यांच्या धमन्या फार अरुंद झालेल्या नाहीत त्यांना हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांवर आणता येतं. रक्ताचा तुटवडा आहे तिथे ही फार मोठी गोष्ट आहे. नायजेरियात तर वेग वाढलेल्या मुलांना सुरुवातच या औषधाने करून पाहिली आहे.

मग अडतं कुठे? आपण मोहिमा काढतो, रक्त तपासतो, एसएस म्हणून नोंद करतो आणि आकडा वर पाठवतो. नोंद झालेल्या मुलाच्या कानशिलाला प्रोब लागतच नाही.

माझी मागणी अशी: एसएस किंवा बीटा-शून्य थॅलेसेमियासोबतचा सिकलसेल (एका पालकाकडून सिकलसेल, दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचं जनुक; हाही तितकाच गंभीर) निघालेल्या प्रत्येक मुलाची दोन ते सोळा वर्षांपर्यंत दरवर्षी ही तपासणी व्हावी, आणि शाळेत जाऊ लागलं, स्वस्थ पडून राहता यायला लागलं, की एकदा साधा एमआरआय. दोन्ही लागतात, कारण हे ठिपके पडलेल्या पुष्कळ मुलांचा डॉप्लर नॉर्मल येतो.

आणि कृपा करून नुसती यंत्रं पाठवू नका. हे आमच्या पेशाबद्दलच बोलतोय. झोपलेल्या, रडणाऱ्या किंवा ताप असलेल्या मुलाचा वेग धरता येत नाही. चित्र दाखवणाऱ्या नेहमीच्या सोनोग्राफी यंत्रावर आकडा थोडा कमी येतो. हे माहीत नसलेला माणूस १९० ला 'ठीक' लिहून मोकळा होतो. तपासणारा हात शिकवावा लागतो. खर्च तिथे करा.

त्या मुलीला धाकटा भाऊ होता, चार वर्षांचा, त्याचाही एसएस. डॉप्लर कधीच झालेला नव्हता. आई तिथेच होती म्हणून त्याच दुपारी करून टाकला. त्याला गुदगुल्या होत होत्या, हसत होता. आकडा आला १७८. तीन महिन्यांनी पुन्हा, असं मी कागदावर लिहून दिलं. आईने कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि विचारलं, "आमच्याकडे होईल का हे?" मी फोन करून विचारलं. तिथे यंत्र आहे, प्रोबही आहे. करणारं कुणी नाही.

आपला,
एक रेडिओलॉजिस्ट