अन्न म्हणजे भात

आई, बाबा,

फोनवर बाबांच्या लिव्हरचा विषय काढला की बाबा "बरं बरं, ठेव आता" म्हणून कट करतात आणि आई तू रडायलाच लागतेस, म्हणून लिहूनच पाठवते. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा, चष्मा सापडत नाही सांगू नका, टीव्हीवरच असतो तो.

आधी एकच. आई, बाबांना आजपासून रात्रीचं जेवण दे. काल शेजारच्या काकू बोलताबोलता बोलून गेल्या की पंधरा दिवस झाले तू त्यांना रात्री नुसतं कपभर दूध देऊन झोपवतेयस. मी विचारलं तर म्हणालीस, त्या डाएटवाल्या बाईनंच सांगितलंय की, रात्री अन्न बेड. अगं आई, कन्नडमध्ये अन्न म्हणजे भात! तू चंदगडकडची, पस्तीस वर्षं कर्नाटकात, येळ्ळूरात काढलीस, बेड म्हणजे नको एवढं पक्कं शिकलीस आणि अन्न मात्र आपलंच धरलंस. ती बिचारी रात्री भात नको म्हणत होती, जेवण नको नाही. आणि बाबा, तुमची तर अर्धी नोकरी धारवाडात गेली, तुम्हाला कळलं नाही असं मी मानणारच नाही. तुम्ही रुसून गप्प बसलात आणि रात्री अकराला चिवड्याचा डबा आणि शहापुरातून आणलेला कुंदा, बरोबर? काकूंना डब्याचा आवाज पण येतो म्हणे.

तर भाताचं असं, आपल्या शिवारातला बासमती आहे, सोडा म्हणून मी तरी सांगू शकत नाही. पण सकाळी आंबोळी, दुपारी भात, रात्री परत भात असं नको. दुपारी एक वाटी, वाटी म्हणजे आमटीची, बाबांची ती पितळी नाही. रात्री ज्वारीची नाहीतर नाचणीची एक-दोन भाकरी, मसूर किंवा मटकीची उसळ, काकडी-मुळा भरपूर, आणि आठच्या आत. तेलाचा कॅन तू महिन्याला चार लिटरचा आणतेस, दोघांना दीड लिटर पुष्कळ झालं.

आता फाईलचं. दिवाळीत रेशन कार्ड शोधताना मला कपाटात साड्यांखाली सोनोग्राफीचा रिपोर्ट सापडला, ग्रेड टू फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये मध्यम चरबी, चार महिने जुना. बाबा म्हणाले लिव्हर म्हटलं की गावात लोक काय समजतात तुला माहीत नाही, आयुष्यात थेंब घेतला नाही मी. मला तेव्हा राग आला होता, नंतर वाईट वाटलं. पण बाबा, हे फक्त तुम्हालाच वाटतं असं नाही. याला आधी नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर म्हणायचे, म्हणजे नावातच दारू, आणि २०२३ मध्ये जगभरातल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी मिळून ते नाव बदललं, एक कारण हेच की पेशंटला उगाच लाज वाटते. आता नावात मेटाबॉलिक आलंय, म्हणजे वजन, साखर, बीपी, चरबी यांच्याशी जोडलेला आजार. लिव्हरमध्ये पाच टक्क्यांच्या वर चरबी साठली की झालं, दारू लागत नाही त्याला. दुखत पण नाही, म्हणून तर कळत नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगा, चहानं झालंय.

खोटं नाही ते. सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे, चमच्यात पाच ग्रॅम धरली तरी दिवसाला साठ ग्रॅम, महिन्याला जवळजवळ पावणेदोन किलो साखर, एकट्या बाबांच्या चहातून. आणि आई, तू त्यावर उपाय काय काढलास तर गूळ. गूळ आपल्याकडं घरचा असतो म्हणून औषध होत नाही गं, लिव्हरला ती साखरच. उसाचा रस पण त्यातच आला. फळ चावून खा, रस काढून नको. चहा दोनदाच करा, साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जावा. बिनसाखरेची कॉफी चालते, उलट कॉफी पिणाऱ्यांचं लिव्हर त्यातल्या त्यात बरं राहतं असं दिसलंय.

वजन. बाबा ८२ किलो. पाच टक्के उतरलं, म्हणजे चारेक किलो, की चरबी कमी व्हायला लागते, सात ते दहा टक्के उतरलं की लिव्हरची सूज पण उतरते. म्हणजे ७४-७५ पर्यंत यायचंय, पण घाई नको, आठवड्याला अर्धा किलो बास. उपाशी राहून झटक्यात वजन पाडलं तर लिव्हर उलट बिघडू शकतं आणि पित्ताशयात खडे होतात, म्हणून तर मी त्या दुधाच्या प्रकारावर एवढी ओरडले. शिलाई मशीनवरच्या टेपनं मी बाबांचं पोट मोजलं होतं ना, बेंबीपाशी १०१ सेंटीमीटर, पोट आत ओढून धरलेलं असताना. पुरुषांना नव्वदच्या आत पाहिजे. बायकांना ऐंशी, तेव्हा आई तू पण लाव टेप, हसू नको.

चालायचं रोज अर्धा तास, आठवड्यात पाच दिवस तरी. राजहंसगडाचा चढ नको, गुडघा दुखेल, खालच्या सपाट रस्त्यानंच जावा, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. डेअरीला स्कूटर कशाला लागते ते मला अजून कळलेलं नाही, चारशे पावलं आहेत. शिवाय बाजारातली लिव्हरची पावडर, कुणाचे काढे, काही आणू नका, अशा गोष्टींनी लिव्हर खराब झालेली माणसं आहेत. गुडघ्याच्या गोळ्या पण डॉक्टरांना विचारूनच.

राहिलं फायब्रोस्कॅन. बाबा, घाबरू नका, सुई नाही काही नाही, बरगडीवर एक मशीन टेकवून लिव्हर किती कडक झालंय ते बघतात, सोनोग्राफीत ते नीट कळत नाही. वय, एसजीओटी, एसजीपीटी (या लिव्हरच्या रक्ततपासण्या) आणि प्लेटलेट्स यांवरून डॉक्टर एक आकडा काढतात, तुमचा दीडच्या जरा वर आला, १.३ च्या खाली असता तर बहुतेक हे सांगितलंच नसतं. म्हणजे काही झालंयच असं नाही, बघून घ्यायचं एवढंच.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते, शनिवारी अकराची वेळ घेतलीय. फाईल साड्यांखालून काढून टेबलावर ठेवा. आणि आई, त्या दिवशी मात्र आधी तीन तास काही खायला देऊ नकोस त्यांना, भात पण नाही, अन्न पण नाही.

तुमची,
पोरगी