लपवलेली मुलं आणि रेशनची कुपनं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत नाझी काळात ज्यू मुलांना आसरा देणाऱ्या कुटुंबांवरचा लेख वाचला. तळमळीने लिहिलाय, पण माळ्यावर दडलेलं पोर आणि शिडी काढून घेणारी घरची बाई, हे चित्र निदान नेदरलँड्समधल्या लहान मुलांच्या बाबतीत फारसं खरं नाही. ती बहुतेक उघडपणे वावरत होती; नाव बदलून, भाचा किंवा पुतणी म्हणून. 14 मे 1940 ला रॉटरडॅमवर बाँब पडले होते, त्यामुळे ‘रॉटरडॅमचं बेघर पोर’ ही सबब पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडली. शिवाय ओळखपत्र लागे ते पंधराव्या वर्षापासून. त्याआधी रस्त्यात कोणी कागद मागण्याचा प्रश्न नव्हता.

घोडं अडायचं ते ताटापाशी. ब्रेड, साखर, लोणी, साबण, कपडे, सगळं कुपनावर. चौघांच्या कुपनांत पाचव्याचं पोट भरायचं, म्हणून दर महिन्याला कोणीतरी चोरलेली किंवा बनावट कुपनं आणून द्यावी लागत. भूमिगत गट रेशन कचेऱ्यांवर दरोडे घालत ते यासाठीच. उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातल्या शेतकऱ्याकडे निदान दूध-बटाटे घरचे असत. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर तेही नाही.

आता ॲमस्टरडॅमचं पाळणाघर, ज्याचा लेखात उल्लेखही नाही. प्लांटाज मिडनलानवरच्या एका नाट्यगृहात ज्यूंना छावण्यांकडे पाठवणी होईपर्यंत गोळा करून ठेवत आणि लहान मुलांना रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात धाडत. पाळणाघर हेन्रिएट पिमेंटेल चालवत. नाट्यगृहातल्या कार्डांतून मुलाचं नाव गायब करण्याचं काम तिथला कारभार पाहणारे ज्यू गृहस्थ वाल्टर स्युस्किंड यांचं. नाव तसंच राहिलं तर पाठवणीच्या दिवशी एक डोकं कमी भरणार! आईबापांची संमती घेतल्याशिवाय मूल हलवत नसत. मूल तान्हं असेल, तर पाठवणीच्या वेळी आईच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली बाहुली दिली जाई. पहारेकऱ्यांना ते बाळच वाटे.

समोरच्या पहाऱ्याला चुकवायचं कसं? 9 नंबरची ट्राम दोन इमारतींच्या मधे येऊन थांबली की दार दिसेनासं होई. तेवढ्यात मुलाला घेऊन बाहेर पडायचं आणि ट्रामच्या आडोशाने चालू लागायचं. दुसरी वाट परसातून. एक घर सोडून अध्यापक विद्यालय होतं, त्याचे प्राचार्य योहान फान हुल्स्ट. मुलं कुंपणावरून त्यांच्या आवारात, तिथून टोपलीत, पोत्यात नाहीतर पाठपिशवीत. अशी सुमारे 600 मुलं सुटली. सप्टेंबर 1943 अखेर पाळणाघर रिकामं केलं गेलं. पिमेंटेल त्याच महिन्यात आउशवित्झच्या छावणीत मारल्या गेल्या.

काळ्या केसांची मुलं शक्यतो दक्षिणेला लिम्बर्खकडे, सोनेरी केसांची फ्रीसलंडला, असा ढोबळ हिशेब असे. तरी बिंग फुटायच्या जागा पुष्कळ. सुंता झालेला मुलगा कालव्यावर पोरांबरोबर पोहायला गेला की संपलंच, कारण तिथे इतर कोणी सुंता करत नसे. लिम्बर्ख कॅथलिक, छातीवर क्रूस काढताना हात चुकीच्या खांद्याकडे गेला तरी शेजारीण बघायची. चार वर्षांचं मूल आपलं खरं नाव कधी बोलून जाईल याचा नेम नाही. त्यात 1943 मध्ये ज्यू पकडून देणाऱ्याला डोक्यामागे साडेसात गिल्डर (तिथलं चलन) मिळत. संशय आला की मूल रातोरात दुसऱ्या घरी. पाच-सात घरं बदललेली मुलं काही अपवाद नव्हती. आणि सगळेच यजमान संत नव्हते. काही पैसे घेऊन ठेवत, काही राबवून घेत.

लेख मे 1945 ला, जर्मनांच्या ताब्यातून झालेल्या मुक्तीपाशी थांबतो. खरी ओढाताण तर पुढेच सुरू झाली. त्या ऑगस्टमध्ये निघालेल्या हुकुमानुसार, मुक्तीनंतर महिन्याभरात ज्या आईबापांनी मुलावर हक्क सांगितला नाही, त्यांच्या मुलाचा ताबा कोणाकडे हे एक आयोग ठरवू लागला. त्या आयोगात ज्यू अल्पमतात होते. दोन वर्षांचं असताना दिलेलं मूल आता पाच वर्षांचं; ते सांभाळणाऱ्या बाईलाच आई म्हणत होतं. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर या एका महिन्याच्या मुदतीवरही लिहावं, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली